साडेचार तासांचा हिशेब

मामाच्या डाव्या पायातली चप्पल निसटली तेव्हा रेडिओवर सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या होत्या, म्हणजे सात वाजून गेले होते. ओसरीवरून उठून तो न्हाणीकडे निघाला होता. चप्पल मागे राहिली हे त्याला कळलंच नाही. मामी म्हणाली, "अहो, चप्पल," तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं, पण शब्दांचा नुसता लगदा झालेला. पाच मिनिटांत तो भिंतीला टेकून खाली बसला. शेजारच्या अण्णांनी एका नजरेत निदान केलं, "अंगावरून वारं गेलं."

निदान बरोबर होतं. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, स्ट्रोक, काहीही म्हणा, पण 'वारं गेलं' इतकं चपखल नाव दुसरं नाही. वाऱ्यासारखं येतं आणि अर्धं अंग घेऊन जातं. मात्र त्या शब्दात एक घात दडलेला आहे. वारं गेलं म्हणजे गेलं. झालं ते झालं, आता उरलंय ते सांभाळा. त्या सकाळी मामाच्या घरात काळजी होती, रडारड होती, फक्त घाई नव्हती. तिळाचं तेल कोमट करून हातापायाला चोळलं गेलं. कुणीतरी घोटभर पाणी पाजलं, ते ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि त्याला ठसका लागला. कबुतराचं रक्त लावा, असं सांगणारेही दोघे निघाले. मग जीप आली. आधी लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे, तिथून तालुक्याच्या एका दवाखान्यात. तिथं सलाइन लागलं, ब्लडप्रेशरची गोळी दिली गेली, पण सीटी स्कॅनचं मशीन चालवणारा मुलगा आलेला नव्हता. शेवटी जिल्ह्याच्या गावी. सीटी झाला तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे शेवटचे ठणठणीत कधी दिसले?" मी म्हणालो, सकाळी सातला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

ते टोपण माझ्या डोक्यात बसून राहिलं. मी पेशानं शाळामास्तर, वैद्यकीतलं कळत नाही. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो, आणि त्या टोपणाचा अर्थ लावायला मी वाचत सुटलो. गेल्या तीस वर्षांत मेंदूच्या या एका आजारावर जे संशोधन झालं, ते वाचून माझं मत असं बनलंय की पक्षाघाताचा प्रश्न आता औषध शोधण्याचा फारसा उरलेला नाही. तो तालुक्याच्या ठिकाणी सकाळी साडेआठ वाजता कोण हजर आहे, याचा झालाय. आणि आपण मात्र अजून शहरात आणखी एक सुपरस्पेशालिटी टॉवर बांधा, एवढंच मागत बसलोय.

थोडं मागं जाऊ. बहुतेक पक्षाघातांत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. बंद झालेली वाहिनी उघडता येईल का, याचं पहिलं ठाम उत्तर डिसेंबर १९९५ मध्ये छापून आलं. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना खोटं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर इंजेक्शनवाल्यांमध्ये जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण निदान तीस टक्क्यांनी जास्त होतं. किंमतही होती. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होण्याचं प्रमाण खोट्या इंजेक्शनच्या गटात ०.६ टक्के होतं, खऱ्या इंजेक्शनच्या गटात ते ६.४ झालं. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली, आणि तेव्हापासून 'साडेचार तास' हा जगभरच्या कॅज्युअल्टीतला परवलीचा शब्द झाला.

मात्र या साडेचार तासांचा अर्थ फार चुकीचा घेतला जातो. आपल्याकडे मुदत म्हणजे शेवटची तारीख. वीजबिलाची मुदत वीस तारीख असेल तर एकोणीसला भरलं काय न् पाचला भरलं काय, सारखंच. इथं तसं नाही. मोठी वाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. म्हणजे पहिल्या तासातलं इंजेक्शन आणि चौथ्या तासातलं इंजेक्शन हे नावालाच एक. तेल चोळण्यात गेलेला अर्धा तास साडेचारातून वजा होतोच, शिवाय वाचू शकणाऱ्या मेंदूतूनही वजा होतो.

त्यानंतर संशोधनाला खरा बहर आला तो २०१५ मध्ये. जांघेतून नळी घालून थेट मेंदूतल्या वाहिनीपर्यंत जायचं आणि गुठळी जाळीत पकडून ओढून काढायची, याला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. त्या एका वर्षात यावरच्या पाच चाचण्या छापून आल्या आणि पाचही एकाच बाजूनं बोलल्या. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत स्वतःच्या पायावर उभे राहिलेले रुग्ण नेहमीच्या उपचारात १९ टक्के होते, गुठळी काढलेल्यांत ३३ टक्के. २०१८ मध्ये आणखी पुढचं पाऊल पडलं. निवडक रुग्णांमध्ये सहा ते चोवीस तासांपर्यंतही हे करता येतं असं दिसलं, आणि फरक तर डोळे विस्फारावेत असा: १३ टक्क्यांच्या जागी ४९.

बातम्या झाल्या त्या याच्या. 'पक्षाघातावर आता २४ तासांपर्यंत उपचार.' मला या मथळ्याचा मनापासून राग आहे. 'निवडक' हा शब्द त्यातून गळतो. मोठी वाहिनी बंद आहे पण मेंदूचा बराच भाग अजून तग धरून आहे, असे रुग्ण खास स्कॅन करून निवडले होते. ते स्कॅन, ती जाळी आणि ती वापरणारे हात महाराष्ट्रात कुठं आहेत? मुंबई, पुणे, नागपूर, आणखी काही मोजकी शहरं. गावातला माणूस मथळा वाचतो आणि म्हणतो, चोवीस तास आहेत तर आधी ओळखीच्या डॉक्टरला दाखवू. गावागावांत पोचेल अशी गोष्ट इंजेक्शनच आहे, आणि त्या इंजेक्शनची अलीकडची कहाणी तर आपल्या अंगणातली आहे.

अल्टेप्लेज द्यायला कटकटीचं. वजनानुसार डोस काढायचा, दहावा हिस्सा एकदम द्यायचा आणि उरलेला पंपावर तासभर चालवायचा. याच रेणूत तीन ठिकाणी बदल करून टेनेक्टेप्लेज तयार झालं. ते शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळं पंप नको. एकच इंजेक्शन, काही सेकंदांत दिलं की झालं. हृदयविकारासाठी ते आधीपासून वापरात होतं. आपल्याकडे हे औषध बनवते पुण्याची जेनोव्हा. हिंजवडीची हीच कंपनी पुढं कोरोनाच्या एमआरएनए लशीमुळं बातम्यांत आली. पक्षाघातासाठी त्याला भारतात परवानगी मिळाली ती २०१६ मध्ये. २०२२ मध्ये कॅनडात सुमारे १,६०० रुग्णांवर दोन्ही औषधं समोरासमोर तपासली गेली, आणि टेनेक्टेप्लेज कुठंही कमी पडलं नाही. अमेरिकेच्या नियामकांनी पक्षाघातासाठी ते मंजूर केलं मार्च २०२५ मध्ये. भारतातला डोस थोडा वेगळा ठरला होता आणि आपण परवानगी दिली तेव्हाचा पुरावा कॅनडाइतका भक्कम नव्हता, हे मान्य. तरी हे चित्र पाहा. हिंजवडीत तयार होणारं औषध, आपल्या देशात नऊ वर्षं आधी मंजूर, आणि तिथून काही तासांच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या मामाला ते मिळालं नाही, कारण सीटी मशीन चालवणारा मुलगा आला नव्हता.

सीटीशिवाय का देता येत नाही, असं मामेभावानं त्या दिवशी चिडून विचारलं होतं. वाहिनी बंद आहे की फुटलीये, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही म्हणून. फुटलेल्या वाहिनीत गुठळी विरघळवणारं औषध गेलं तर माणूस दगावतो. ही 'बाहेरून कळत नाही' गोष्ट किती महत्त्वाची आहे ते २०२४ मध्ये छापलेल्या चीनमधल्या एका चाचणीनं फार लख्ख दाखवलं. अँब्युलन्समध्येच, स्कॅनच्या आधी, २,४०४ रुग्णांपैकी अर्ध्यांचं वाढलेलं ब्लडप्रेशर औषधानं उतरवून पाहिलं. एकूण निकाल शून्य. पण आत डोकावलं तर ज्यांची वाहिनी फुटली होती त्यांना फायदा झाला, आणि ज्यांची बंद होती त्यांचं नुकसान. दोन्ही एकमेकांना खाऊन बेरीज शून्य आली. आता तालुक्याच्या त्या दवाखान्यात मामाला दिलेली ब्लडप्रेशरची गोळी आठवा. त्याची वाहिनी बंद होती. त्या गोळीनं त्याचं काही बिघडलं असं मी म्हणत नाही, ते कुणीच सांगू शकणार नाही. पण 'काहीतरी केलंच पाहिजे' म्हणून दिली जाणारी गोळी निरुपद्रवी नसते, एवढं आता आपल्याला माहीत आहे. घरच्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन आणि जिभेखाली ठेवायची ती हृदयविकाराची गोळी, त्यांनाही हेच लागू. पाणीसुद्धा नको, गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते फुप्फुसात जातं.

न्यूरोलॉजिस्ट कुठून आणायचे, हा हमखास येणारा प्रश्न. देशात ते काही हजारच आहेत आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. हा युक्तिवाद मी आता ऐकून घेत नाही, कारण हिमाचल प्रदेशानं तो २०१४ मध्येच निकाली काढला. डोंगराळ राज्य, रस्ते वळणावळणाचे, न्यूरोलॉजिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथं जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनना शिकवलं. सीटीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर शिमला आणि टांडा इथल्या मेडिकल कॉलेजांतल्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायचे, त्यांनी होकार दिला की तिथल्या तिथं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन सरकारकडून मोफत. यात कुठलाही चमत्कार नाही, नवं मशीन नाही. ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपण रोज सकाळी फुलांचे गुच्छ पाठवतो, तेच. केरळनंही जिल्हा रुग्णालयांत अशी सोय उभी केली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या अँब्युलन्स २०१४ पासून धावताहेत, ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली होती. गाडी आहे, फोन आहे, औषध पुण्यात बनतंय. पण त्या गाडीच्या ड्रायव्हरला 'जवळचं रुग्णालय' ठाऊक असतं, 'आत्ता सीटी चालू असलेलं जवळचं रुग्णालय' ठाऊक नसतं.

चाकांवरचं सीटी मशीनही आता आलंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, २०२१ मध्ये, अशा गाडीत उपचार झालेल्या रुग्णांपैकी ३३ टक्क्यांना पहिल्या तासाभरातच इंजेक्शन मिळालं. साध्या अँब्युलन्सनं नेलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के. आसामात आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, अशी गाडी चालवून पाहिली आहे. चांगलंच आहे, पण मला भीती वाटते ती उद्घाटनाची. एक गाडी येईल, फीत कापली जाईल, फोटो निघतील, आणि तालुक्यातलं जमिनीवर बसवलेलं मशीन दहा ते पाच या वेळातच चालू राहील.

आता ते ६.४ टक्के. तालुक्याच्या एका फिजिशियनशी या विषयावर बोललो, ते ओळखीचे आहेत म्हणून मोकळं बोलले. "मास्तर, शंभरातल्या सहाजणांना रक्तस्राव होऊ शकतो. तो सातवा दिवस असो की पहिला तास, माझ्या हातून इंजेक्शन गेलंय ना? पन्नास माणसं बाहेर उभी असतात. काच फुटते ती माझ्या दवाखान्याची. 'पुढं घेऊन जा' म्हटलं की माझ्यावर काही येत नाही." मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. इंजेक्शन न दिल्यानं जो जन्माचा लुळा होतो, त्याच्यासाठी कुणी काच फोडत नाही. तो दोष वाऱ्याचा. आपला समाज केलेल्या कृतीचा जाब विचारतो, न केलेल्या कृतीचा कधीच नाही, आणि डॉक्टर हे बरोबर ओळखून आहेत. म्हणून हिमाचलच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट फोटो पाठवणं ही नाहीच. निर्णय एकट्याचा राहत नाही, मेडिकल कॉलेजातला माणूस पलीकडून 'द्या' म्हणतो आणि त्याची लेखी नोंद राहते, ही आहे. सरकारी आदेशानं हे कवच दिलं तर अनेक फिजिशियन तयार होतील, असं त्या डॉक्टरांचंच म्हणणं.

एक आक्षेप मला माझ्या मुलीनं घेतला, ती आरोग्यखात्यात आहे. "बाबा, या सगळ्यापेक्षा ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाटल्या तर जास्त माणसं वाचतील." खरं आहे. जगभरातल्या मोठ्या अभ्यासात पक्षाघाताच्या जवळजवळ निम्म्या धोक्याचं खापर उच्च रक्तदाबावर फुटतं. आणि प्रतिबंध किती गरजेचा आहे ते आपल्याच गडचिरोलीनं दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतल्या दोन वर्षांच्या १,५९९ मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन शोधली, तर पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात: २२९ मृत्यू. गडचिरोली म्हटलं की आपण मलेरिया, कुपोषण, सर्पदंश म्हणतो. तिथं वारं जाऊन माणसं मरत होती, आणि त्यातली ८७ टक्के घरीच, अंथरुणात.

पण मुलीला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. प्रतिबंध की उपचार, हा वाद ज्यांना दोन्ही करायचं नाही त्यांच्या सोयीचा आहे. शिवाय प्रतिबंध वाटतो तितका सोपा नाही, हेही संशोधनच सांगतं. आपल्याकडे ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर एक चाचणी झाली. एकदा पक्षाघात होऊन गेलेल्यांना वर्षभर मोबाइलवर संदेश, व्हिडिओ आणि एक पुस्तिका, तीही अनेक भारतीय भाषांत, जेणेकरून दुसरा झटका टळावा. गोळ्या घेण्याची शिस्त सुधारली, पण झटक्यांच्या संख्येत फरक पडेना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी, २०१७ मध्ये, दुसरी एक चाचणी आली होती. फिजिओथेरपिस्ट पुरत नाहीत, तर घरच्याच माणसाला व्यायाम शिकवून पाठवू, अशी साधी, आपल्याला पटणारी कल्पना. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले: शिकवलेल्या गटात ४७ टक्के, न शिकवलेल्या गटात ४७ टक्के.

हा ४७-४७ चा निकाल वाचला तेव्हा मला मामी आठवली. रोज सकाळ-संध्याकाळ ती मामाचा डावा हात धरून वर-खाली करते, बोटं एकेक करून उघडते, मोजते, थकते, परत करते. तिला कागदावर काढून दिलेली चित्रं भिंतीवर चिकटवलेली आहेत. असे निकाल छापणाऱ्या भारतीय संशोधकांबद्दल मला आदर वाटतो, त्यांनी आपली आवडती कल्पना चालत नाही हे जगापुढं कबूल केलं. पण धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावं? माझ्या मते एवढंच, की सरकारनं करायचं काम घरच्यांच्या मायेवर आणि मोबाइलच्या संदेशांवर ढकलून भागत नाही. याउलट जिथं रुग्णालयातली माणसं एक ठरलेली यादी ठरलेल्या वेळेत पाळतात तिथं फरक पडतो. २०२३ मध्येच दहा देशांतल्या, भारतासह, सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत हे दिसलं. वाहिनी फुटलेल्या रुग्णांचं ब्लडप्रेशर तासाभरात खाली आणणं, साखर आणि ताप काबूत ठेवणं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम उलटवणं. यातलं काहीही महाग नाही. नर्स, थर्मामीटर, घड्याळ.

म्हणून माझी मागणी लहान आहे, इतकी लहान की तिची फीत कापता येणार नाही. प्रत्येक तालुक्यासाठी चोवीस तास चालणारं एक सीटी ठरवून द्या, सरकारी नसेल तर खासगी भाड्यानं घ्या, पण रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचा पगार द्या. टेनेक्टेप्लेज फ्रिजशेजारच्या कपाटात ठेवा आणि ते मोफत द्या. १०८ च्या गाडीला कुठलं मशीन आत्ता चालू आहे ते कळू द्या. खाटेवर झोपलेल्या माणसाचं वजन करता येईल असा काटा ठेवा. हसू नका, डोस किलोवर ठरतो आणि मामाचं वजन किती हे त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नव्हतं, मामीनं खताच्या पोत्याशी तुलना करून अंदाज दिला होता.

मागच्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात एका सरकारी रुग्णालयाकडे अर्ज केला. तीनच गोष्टी विचारल्या होत्या. वर्षभरात पक्षाघाताचे किती रुग्ण आले, त्यांतल्या किती जणांचा सीटी तासाभरात झाला, आणि किती जणांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. उत्तर मुदतीत आलं, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्याचा आकडा होता. उरलेल्या दोन्हींपुढं लिहिलं होतं, 'सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.' मी जाऊन नोंदवही बघितली. नाव, वय, गाव, निदान, दाखल तारीख, पुढं कुठं पाठवलं, असे रकाने होते. वारं किती वाजता गेलं, याचा रकानाच नव्हता. तिथल्या कारकुनाला विचारलं, एक रकाना वाढवता येईल का? तो म्हणाला, वही वरून छापून येते.